गाळलेला शब्द

मारुतीच्या मंदिरामागच्या पत्र्याच्या मंडपात मंडळाची बैठक बसली की रेणुकाला आधी हसू यायचं आणि उठेपर्यंत वीट यायचा. त्या दिवशी वीट चहाच्या आधीच आला.

मंडळाचं नाव भारदस्त होतं, मातृबोली संवर्धन मंडळ. माणसं मात्र सगळी एकाच वस्तीची. जाफराबादच्या अलीकडे, नदीकाठाला ही तीसेक घरं होती. यांचे पणजे-खापरपणजे मेंढरं हाकत या मुलखात उतरले आणि कधीतरी इथंच थांबले. आता कुणी कापूस-सोयाबीन करतं, कुणी शेळ्या राखतं, कुणी हंगामाला अंकुशनगरकडे ऊस तोडायला जातं. मेंढरं गेली, पण घरात बोलायची एक बोली मागं राहिली होती. तिला त्यांच्यात नाव नव्हतं. ‘मराठीत नको, आपल्यात बोल’ एवढंच म्हणत. गावानं मात्र तिला नाव ठेवलं होतं, चोरबोली.

ती धडपणे बोलणारी माणसं आता वस्तीत फार थोडी उरली होती. रेणुका पस्तिशीची, वस्तीच्या अंगणवाडीची सेविका. तिला बोली सगळी समजायची, बोलताना मात्र अडखळायची. तिच्या पोरीला, अर्पिताला, समजतही नव्हती, आणि रेणुकानं तिला शिकवायचा हट्टही कधी धरला नव्हता. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द फोनमध्ये भरून ठेवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तेवढं तरी मागं राहावं असं तिला वाटायचं.

मंडळाचे अध्यक्ष गोरक्षनाथ. एसटीत कंट्रोलर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळं वस्तीत सगळे त्यांना साहेब म्हणत. पोरांसाठी बोलीचं एक पुस्तक काढायचं चाललं होतं. रेणुका शब्द सांगत होती आणि साहेब ते नाकारत होते.

“वार. जनावर व्याल्यावर पडती ती.”

“नको.”

“पू.”

“नको.”

“आसळी. म्हणजे गाभडलेली शेळी. दिवस भरायच्या आत जिचं पिलू पडलं ती.”

“अहो बाई, लेकरायच्या हातात द्यायचंय हे पुस्तक!” गोरक्षनाथांनी कपाळाला हात लावला. “वार, पू, गाभडलेली शेळी! वाचणारा म्हणल, ह्या लोकायला दुसरं काई सुचतच न्हाई का? आकाश घ्या. ज्ञान घ्या. सत्य घ्या.”

“साहेब, आकाशाला आपल्यात शब्दच न्हाई. आपण नुसतं ‘वर’ म्हणतो.”

“मी केलाय ना शब्द. सत्यालाबी केलाय.”

साहेबांनी केलेले शब्द रेणुकानं ऐकले होते. पोथीतला शब्द घ्यायचा, त्याची शेपटी छाटायची आणि तिथं बोलीची शेपटी चिकटवायची. त्या शब्दांनी कुणी कधी पाणी मागितलं नव्हतं की शिवी दिली नव्हती. साहेबांची सल तिला कळत होती. लहानपणी शाळेत बोलीत बोलले म्हणून मास्तरनं त्यांना उन्हात उभं केलं होतं आणि पोरं ‘चोरबोली, चोरबोली’ करत भोवती नाचली होती. ते ऊन अजून त्यांच्या अंगातून उतरलं नव्हतं. म्हणून त्यांना बोली धुऊन, इस्त्री करून जगापुढं मांडायची होती. हे सगळं कळूनही रेणुकाला किळस यायची. म्हाताऱ्या आईला पाहुण्यांपुढं न्यायचं म्हणून तिची कातडीच सोलून काढावी तसं ते तिला वाटायचं.

दाराशी तंबाखू मळत बसलेला म्हस्कू खो खो हसला. म्हस्कू तिचा सख्खा चुलता. वस्तीतला सगळ्यात तोंडाळ माणूस आणि सगळ्यात गोड बोली बोलणारा.

“पुस्तक करा साहेब, बिलकुल करा,” तो म्हणाला. “फक्त आमच्या बाजाराचे शब्द त्यात घालू नका. गावानं वाचले तर गिऱ्हाइकापुढं मी काय बोलू?”

“तात्या, मंग पोरायनं शिकायचं काय?” रेणुकानं विचारलं.

“पोरायला शिकवतंय कोण?” म्हस्कूचा मुलगा बिभीषण फोनमधून मान वर न काढता म्हणाला. “माझं पोरगं इंग्लिश मीडियमला जातं. मेली ती भाषा. दहावा घाला अन् मोकळे व्हा. कशाला कुटाणे करून राह्यले?”

मग सगळेच एकदम बोलू लागले, आणि बोलीसाठी चाललेलं ते सगळं भांडण मराठीत झालं.

उठताना म्हस्कू तिच्याजवळ आला. “बाई, तुला बोली ऐकायची ना? मंग ह्या मंडपात काय बसती? बाजारात ये. तिथं ती अजून चालून-फिरून राह्यली.”

*

जाफराबादच्या आठवडी बाजारात शेळ्यांची जागा एका बाजूला, लिंबांच्या सावलीत. तिथं लेंड्यांचा, मुताचा आणि भज्यांच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळून घट्ट बसलेला असतो. दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवत होते. म्हस्कू आणि बिभीषण पाच-सहा शेळ्या घेऊन उभे होते. रेणुका फोन सुरू करून त्यांच्यामागं पिशवीवर बसली.

तात्या खोटं बोलला नव्हता. वर्ष-दीड वर्ष तिनं म्हाताऱ्या माणसांकडून एकेक शब्द उकरून काढला होता. इथं बोली धो धो वाहत होती. म्हस्कू मराठीत गिऱ्हाइकाला ‘या मालक, बघा मालक’ म्हणायचा आणि त्याच श्वासात बोलीत बिभीषणला सांगायचा, की हा नुसते दात बघणार आणि जाणार, ह्याच्या बायकोनं ह्याला घरातून हाकललंय. मंडपात बोलीला मेली म्हणणारा बिभीषण इथं तितक्याच झरझर उत्तर देत होता. जावयावर, सरपंचावर, कुणाच्या चालीवर, कुणाच्या पोटावर दोघं काय काय बोलत होते. रेणुका पदर तोंडाला लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

तेवढ्यात नंदाबाई आली. शेजारच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरची. तिची नात साक्षी रेणुकाच्याच अंगणवाडीत यायची. पोरीचं वजन भरत नव्हतं म्हणून ‘तिला दूध द्या, अंडं द्या’ असं रेणुकानंच आजीला बजावलं होतं.

“आगं बाई, तुम्ही इथं?” नंदाबाईचा चेहरा खुलला. “तुमच्याच सांगण्यावरून आले बघा. म्हणलं दुधाची एक शेळी घ्यावी. पोरीला धारोष्ण पाजते.”

“मंग बराबर ठिकाणी आल्या,” म्हस्कू पुढं झाला. “ही माझी पुतनी हाय. तिच्या वळखीच्या माणसाला मी वंगाळ माल दीन का?”

त्यानं एक पांढरी-तांबडी शेळी पुढं ओढली. मागं तिचं पिलू बांधलेलं होतं. कास भरलेली होती. म्हस्कूनं दोन धारा काढून दाखवल्या. नंदाबाई वाकून कौतुकानं बघू लागली. आणि म्हस्कू, तोंडावरचं हसू जराही न हलवता, बोलीत बिभीषणला म्हणाला, “पिलू लांब सरकव. वास घेतला तर आसळी लाथ मारंल.”

रेणुका आधी हसलीच. सकाळपासून तो जे बोलत होता त्याला हसायची तिला सवय लागली होती. मग तो शब्द तिच्या डोक्यात उतरला. तिनं शेळीकडं नीट पाहिलं. शेळीचं मागचं अंग ताजं धुतलेलं होतं. एरवी शेळ्या कुणी धूत नाही; आतून येणारी घाण दिसू नये म्हणूनच धुतलं असणार. पिलू आखूड दाव्यानं बांधलेलं, थरथरत होतं, आणि त्याच्या पाठीला शेळीचंच दूध चोळलेलं होतं. त्यावर माश्या बसल्या होत्या. पिलू ओरडत होतं तरी शेळी वळूनही बघत नव्हती. ते तिचं नव्हतंच.

बिभीषण बोलीत म्हणाला, “त्या दुधानं पोरीला ताप धरला तर?”

“धरू दे. त्यायची लेकरं मऊ राहतेत. तापतेत अन् उतरतेत.”

रेणुका पिशवीवरून उठली. गाभडलेल्या शेळीचं कच्चं दूध वस्तीत कुणी तोंडाला लावत नसे. तिच्या मायनं तिला लहानपणीच सांगितलं होतं, त्याचा ताप हाडात बसतो, उठता उठत नाही. म्हस्कूला हे तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. आणि किती गोड बोलला होता! तिच्या बापासारख्याच आवाजात, तेच हेल, तीच लय.

नंदाबाई कमरेची पिशवी सोडू लागली.

“नंदाबाई, ती शेळी घेऊ नका,” रेणुका म्हणाली.

म्हस्कूनं तिच्याकडं न बघता बोलीत सांगितलं, “गप. हे घरचं हाय.”

“घेऊ नका,” ती मोठ्यानं म्हणाली. “गाभडलीय ती. पिलू दुसऱ्या शेळीचं हाय.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आत्ताच म्हणले ते.”

“काय म्हणले?”

रेणुकानं सांगितलं. पिलू लांब सरकवायचं, ताप धरू दे, त्यांची लेकरं मऊ असतात, सगळं, शब्दाला शब्द ठेवून. कुणासमोर तिनं बोलीची पुरी वाक्यं मराठीत केली ती पहिल्यांदाच.

म्हस्कू हसायला गेला. “हिला कुठं येती बोली? अंगणवाडीवाली ती…” पण नंदाबाईनं पिलाचं दावं सोडून ते शेळीच्या कासेला लावलं होतं. शेळीनं सटकन लाथ मारली. पिलू लांब जाऊन पडलं.

मग जे झालं ते रेणुकाच्या हातातलं राहिलं नाही. धर्मराज नावाचा एक दलाल पुढं आला आणि त्यानं म्हस्कूच्या तोंडात मारली. घटकाभरापूर्वी हाच धर्मराज रुमालाखाली एका म्हाताऱ्याची बोटं दाबून त्याला उघड उघड नागवत होता. “चोरबोली!” तो ओरडला. “सांगत न्हवतो का? उगाच खुसखुस करतेत का हे?” कुणी म्हस्कूचं पागोटं पाडलं, कुणी बिभीषणच्या कमरेत लाथ घातली. वस्तीतला आणखी एकजण पलीकडं आपल्या शेळ्या घेऊन उभा होता, त्याचा यात काहीच संबंध नव्हता. त्यालाही ढकललं आणि त्याच्या शेळ्या सोडून दिल्या. “एकट्यानं केलंय, त्याला कशाला मारता?” रेणुका ओरडत राहिली. क्षणापूर्वी तिची मराठी सगळ्यांना नीट ऐकू आली होती. आता कुणालाच येत नव्हती. म्हस्कूच्या ओठातून रक्त आलं आणि दाढीवरून लेंड्यांवर ठिबकलं. बघ्यांतला एकजण भजी खात खात ते फोनवर घेत होता.

परतीच्या जीपमध्ये नंदाबाई मुद्दाम तिच्या शेजारी बसली. तिनं रेणुकाचा हात हातात घेतला.

“लय उपकार झाले बाई. त्यायच्यातली असून चांगली निघालीस तू.”

सकाळी ‘तुम्ही’ म्हणणारी बाई आता ‘तू’वर आली होती, आणि तेही मायेनंच. रेणुकाला त्या हाताची शिसारी आली. मऊ, घामट हात. तिनं आपला हात सोडवून घेतला.

“त्यायच्यातली म्हणजे?”

“आगं, तसं न्हवं. पर आता गावात सांगते मी, त्या वस्तीचं काई घेऊ नका म्हणून.”

“नंदाबाई, तुमच्या धाकल्या दिरानं पोत्यात खाली भिजलेलं सोयाबीन घातल्तं अन् वर कोरडं. साऱ्या गावाला ठावं हाय. ती कोणती बोली होती?”

नंदाबाईनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून साक्षी अंगणवाडीत आली नाही.

*

संध्याकाळी रेणुका मायकडं गेली. साखराबाई ओट्यावर बसून म्हस्कूच्या फुटलेल्या ओठाला हळद लावत होती. दीर-भावजय बोलीत बोलत होते. रेणुका दिसताच दोघं थांबले.

“ये. बस,” साखराबाई म्हणाली.

मराठीत म्हणाली. रेणुका उभीच राहिली. आई जन्मात कधी तिच्याशी मराठीत बोलली नव्हती.

“माय, आपल्यात बोल ना.”

“कशाला? बाजारात सांगायला?”

म्हस्कू जमिनीकडं बघत होता. त्याचा आवाज ओठामुळं बोबडा येत होता. “तीन शेळ्या गाभडल्या पोरी एकामागं एक. डाक्टरला आणलं आसतं तर गावभर झालं आसतं. मंग कोण घेतं माझी एक तरी शेळी? मारून पुरू का सगळ्या? खाऊ काय?”

“म्हणून लेकराला पाजायची?”

“उकळून प्यायलं तर काई होत न्हाई.”

“ती धारोष्ण म्हणली, तात्या. तुमच्या समोर म्हणली.”

म्हस्कू ओठावरची हळद चाचपू लागला. बोलली ती साखराबाई, तोडक्या मराठीत, शब्द शोधत शोधत. पूर्वी गावात काही चोरीला गेलं की पोलीस आधी वस्तीवर यायचे. नदीवर धुणं धुणारी बाई बोलीत एक हाळी द्यायची आणि पुरुष ज्वारीत पसार व्हायचे. रेणुकाच्या बापाची हाडं त्या हाळीनं वाचली होती. “त्या बोलीच्या आडोशाला आपुन जगलो. तू तो आडोसा पाडला.”

“त्याच आडोशाला बसून दुसऱ्याचं लेकरू आजारी पाडायचं का?”

“घरी येऊन सांगायचं. म्हस्कूला म्या जोडा मारला आसता. शेळी परत आणली आसती.”

“तवर साक्षी दूध पिली आसती.”

साखराबाईनं हळदीची वाटी उचलली आणि आत गेली. रेणुकाला वाटलं, आईचंही चुकलेलं नाही, आणि या वाटण्याचाही तिला संताप आला. आईचं म्हणणं खरं, तात्याची अडचण खरी, साहेबांचं ऊन खरं. आणि एवढ्या खऱ्याच्या मधोमध ती धुतलेली शेळी उभी होती, आणि तिच्याकडं बघायला कुणी तयार नव्हतं.

*

गोरक्षनाथांनी तातडीची बैठक बोलावली. बाजारातला व्हिडिओ गावोगाव फिरला होता. खाली लोकांनी ‘चोरबोली’ लिहून हसरे चेहरे टाकले होते. आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम होता, जिल्ह्याहून पाहुणे येणार होते.

“मार्ग काढलाय मी,” साहेब म्हणाले. “आसळी हा शब्द आपला न्हाईच. बाहेरचा हाय. म्हस्कूनं शेळीला तिच्या नावानं हाक मारली, आन् रेणुकाबाईचा ऐकण्यात घोटाळा झाला. बाईंनी तेवढं पाहुण्यांपुढं सांगायचं.”

“मी?”

“तुमच्याकडून चूक झाली असं कुठं म्हणतो? घोटाळा झाला म्हणायचं. बोलीच्या इज्जतीचा सवाल हाय.”

“शब्द माझ्या मायचा हाय. तिच्या मायचाबी होता. शेळ्या राखणाराच्या बोलीत गाभडलेल्या शेळीला शब्द नसल तर मंग काय असल, साहेब? सत्य?”

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. “शब्द पुस्तकातून गाळायचा का न्हाई एवढंच सांगा. हात वर करा.”

सगळे हात वर झाले. ज्यांना पुस्तक हवं होतं त्यांचे, ज्यांना नको होतं त्यांचे, भाषा मेली म्हणणाऱ्या बिभीषणचा आणि कोपऱ्यात सुजलेल्या ओठानं बसलेल्या म्हस्कूचाही. शुद्ध-अशुद्धावरून, लिपीवरून, अगदी चहा कुणी करायचा यावरून भांडणाऱ्या त्या मंडळात एकमत झालं ते पहिल्यांदाच.

“आन् ती शेळी?” रेणुकानं विचारलं.

वर झालेले हात खाली आले.

“तात्या, शेळी कुठाय?”

म्हस्कूनं बिभीषणकडं पाहिलं. बिभीषण म्हणाला, “गेली.”

“कुठं गेली?”

“भोकरदनच्या बाजाराला गेल्तो काल.”

मंडपात कुणीच दचकलं नाही. साहेबांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांच्या जेवणाचा विषय काढला. रेणुका उठली. बाहेर येऊन मंदिराच्या नळाखाली तिनं तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा चूळ भरली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जनावरांच्या दवाखान्यात जाऊन कळवलं. डॉक्टर आले, म्हस्कूच्या शेळ्यांचं रक्त घेऊन गेले, उरलेल्या दोन आजारी शेळ्या वेगळ्या बांधायला सांगितल्या. भोकरदनला गेलेल्या शेळीचं मात्र कुणाला काही कळलं नाही. ती कुणाच्या अंगणात उभी होती, तिचं दूध कोण पीत होतं, हे कुठल्याच बोलीत सांगणारं कुणी नव्हतं. म्हस्कूनं रेणुकासाठी दार बंद केलं.

*

कार्यक्रमाला ती जाणार नव्हती. पण अंगणवाडीच्या सेविकांना पाहुण्यांचं स्वागत करायला बोलावलं होतं, म्हणून गेली आणि मागच्या रांगेत बसली. मंचावर फ्लेक्स होता. ‘आमची बोली, आमची पुण्याई.’ सत्काराला म्हस्कूला फेटा बांधून बसवलं होतं. व्हिडिओवर कुणाचा विश्वास राहू नये म्हणून ही युक्ती साहेबांचीच. बोलीचा थोर जाणकार म्हणून त्याची ओळख करून दिली आणि साहेबांनी रचलेली प्रार्थना म्हणायला त्याच्यापुढं माईक धरला.

म्हस्कूनं म्हटली. कागदावरून, अडखळत. बाजारात ज्याच्या तोंडातून बोली पाण्यासारखी सुटायची तो माणूस ज्ञानाचे आणि सत्याचे शेपटीवाले शब्द एकेक करून ओठाबाहेर ढकलत होता. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. पुढच्या रांगेत साखराबाई बसली होती. तिनं शेजारणीला बोलीत, जरा मोठ्यानंच विचारलं, “काय बोलून राह्यला गं हा?”

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी सांगितलं की या बोलीत ऋषींच्या वाणीचा नाद आहे. गोरक्षनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं, हे रेणुकाला सगळ्यात जास्त असह्य झालं. फेट्याखालून म्हस्कूची आणि तिची नजरानजर झाली. त्यानं एक डोळा मिटला, जुना तात्या मिटायचा तसाच. रेणुकानं मान खाली घातली. त्या डोळा मिटण्यात तिला सामील करून घ्यायचा त्याचा विचार होता आणि त्याचीच तिला घाण वाटली. जेवण सुरू व्हायच्या आत ती निघाली.

मंडळ तिनं सोडलं. साहेबांनी फोनमधले सगळे आवाज मागितले तेव्हा तिनं दिले नाहीत. आई तिच्याशी मराठीतच बोलत राहिली. साखराबाईला मराठी थोडीच यायची, त्यामुळं दोघींचं बोलणंही तेवढंच राहिलं. जेवलीस का, अर्पिता कुठं, पाऊस आहे का. लहानपणच्या गोष्टी, माणसांची उणीदुणी, दुखणीखुपणी, सगळं बोलीच्या बाजूला राहून गेलं.

दिवाळी झाल्यावर एकदा ती भाजी घ्यायला जाफराबादच्या बाजारात गेली. शेळ्यांच्या बाजूला जायचं तिनं टाळलं होतं, पण रस्ता तिथूनच होता. लिंबाखाली बिभीषण आणि वस्तीतलेच आणखी दोघं उभे होते. एका गिऱ्हाइकापुढं बोलीत बोलणं चाललं होतं. ती जवळ येताच बिभीषणनं तिला पाहिलं, पण तो थांबला नाही. उलट आणखी मोठ्यानं बोलला. वाक्य ओळखीचं होतं, हेल ओळखीचे होते. मधले शब्द मात्र तिनं कधी ऐकले नव्हते. एक शब्द शेळीसाठी होता, हे वाक्यावरून कळत होतं. दुसरा बहुधा तिच्यासाठी होता, कारण तो उच्चारताना बाकीचे दोघं तिच्याकडं बघून हसले.

त्यांनी नवे शब्द केले होते. तिला कळू नयेत म्हणून. साहेबांनी आकाशासाठी, ज्ञानासाठी केलेले शब्द छापून मंडपात धूळ खात पडले होते, आणि इथं लेंड्यांत उभ्या राहिलेल्या तीन माणसांच्या तोंडात बोलीला नवी पालवी फुटली होती. ती किती सहज वाक्यात बसली होती! जणू पणज्यांपासून चालत आलेली.

“बिभीषण, शेळीचा तो शब्द काय रे?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“कंचा शब्द?” बिभीषण मराठीत म्हणाला. “घोटाळा झाला आसंल तुमचा, ताई.”

तिघं हसले. गिऱ्हाईकही, काही न कळता, हसलं. पलीकडं दाव्याला एक पिलू ओरडत होतं आणि ते कुणाचं, हे आता तिला सांगता आलं नसतं. तिला त्या तिघांची किळस आली, त्या वासाची आली, आणि आपल्याला तो शब्द हवाच आहे याचीही आली. तरी जीपपर्यंत चालताना ती तो ओठातल्या ओठात घोळवत राहिली. मेथीची जुडी राहून गेली, पिशवी तशीच अर्धी, आणि जीपवाला ‘चला ताई, जल्दी’ म्हणून ओरडत होता.